कांस्यरथ आणि जळके सातू

१९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ खणून काढत होता. खणता खणता मातीतून निघाले एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ; रथावर उभा असलेला माणूसही त्याच्यासोबत आला. चारही वस्तू भरीव कांस्याच्या, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाच्या. रथ साधारण हातभर लांबीचा. त्यावरचा माणूस ज्या सहजतेने उभा आहे, ती पाहून घडवणाऱ्याच्या हाताला नमस्कार करावासा वाटतो. महाराष्ट्राच्या जमिनीने याहून देखणं काही बाहेर दिलेलं मला तरी ठाऊक नाही.

या मूर्तींचं वय किती, यावर मात्र पन्नास वर्षांत एकमत झालेलं नाही. काही अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. धातूत आर्सेनिकचं प्रमाण बरंच आहे आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंशी ते जुळत नाही, असा आक्षेप डी. पी. अगरवाल यांनी घेतला. पुढे एस. ए. साळी यांनी दायमाबादला सलग काही हंगाम उत्खनन केलं, मूर्ती कोणत्या थरातल्या असाव्यात याचा माग काढण्याची खटपट केली. पण मूर्ती एकदा उपसून वर आल्या होत्या. त्यांच्या अंगाला कोणती माती चिकटली होती, शेजारी कोणतं खापर पडलं होतं, त्यांच्यासाठी खड्डा कोणत्या पातळीवरून खणला गेला होता, या साध्या गोष्टी पुन्हा पाहायची सोय उरली नव्हती. यात त्या शेतकऱ्याचा दोष काडीचा नाही. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि झाडाचं मूळ खणणं हा त्याचा हक्कच होता.

आता दायमाबादलाही नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या दुसऱ्या गावाकडे या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची प्रमुख नावं. तिथे कांस्यरथ निघाला नाही. निघाली ती खापरं, चुली, खांबांचे खळगे, दगडी पाती, जनावरांची हाडं, माणसांची हाडं आणि जळून कोळसा झालेले सातूचे दाणे. संग्रहालयाच्या कपाटात ठेवलं तर कोणी दोन मिनिटं थांबणार नाही असा हा ऐवज. आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे काही कळलं आहे, त्यातलं बहुतेक या ऐवजाने सांगितलं आहे.

काय सांगितलं? इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊ शतकं तिथे वस्ती होती. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी घरं, कुडाच्या भिंतींची. १३० हून अधिक घरं उघडी केली गेली. त्यांतल्या एका घराला पाच खोल्या होत्या आणि शेजारी धान्याचं कोठार, म्हणून ते गावप्रमुखाचं असावं असा तर्क केला गेला. सातू हे मुख्य पीक. जोडीला मसूर, वाटाणा, वाल, कुळीथ. नदीचं पाणी वळवून आणणारा कालवा. लहान मूल गेलं तर त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना त्याची पावलं घोट्याजवळ तोडत. मेलेल्याने परत हिंडू नये म्हणून असेल, असं आपण म्हणतो, पण हे आपलं म्हणणं आहे. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष सापडला, त्याची पावलं मात्र शाबूत होती. एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी होती. डबीत देवीची मूर्ती, डबीवर शिर नसलेली आणखी एक, आणि सोबत बैल. बैलाच्या पाठीला आणि देवीच्या अंगाला काडी खोचायला भोक होतं, म्हणजे देवी बैलावर बसवता येत होती. आपल्या देवदेवतांची वंशावळ शोधणाऱ्याने या ओबडधोबड, न भाजलेल्या मातीच्या बाहुलीशी जरा वेळ बसावं.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. शिरूर-पारनेरच्या वाचकाला हे पटायला पुरावा लागत नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या लहान मुलांची हाडं नव्याने तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, पण सगळा भार एकट्या दुष्काळावर टाकता येत नाही. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटला नाही याचं मला वाईटही वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की उत्खनन संपून जवळजवळ तीन दशकं झाल्यावर, खड्डे केव्हाच बुजल्यावर, एका वेगळ्या देशातल्या बाईला त्याच हाडांना नवा प्रश्न विचारता आला. कारण कोणतं हाड कोणत्या घरातल्या कोणत्या रांजणातून, किती खोलीवरून आलं, हे कोणीतरी त्या त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

कांस्यरथ मुका राहिला आणि जळके सातू बोलले, ते एवढ्या एका नोंदीमुळे. पोलीस पोचण्याआधी प्रेत हलवलं तर पंचनाम्याला काय अर्थ राहतो? इथेही तसंच आहे. पुरातत्त्वाचा सगळा जीव वस्तूच्या जागेत असतो. ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची आहे, ते पुरातत्त्वज्ञांसाठी नाही. ते शेतकऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, गडावर जाणाऱ्या पोरांसाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी, विहिरी आणि पाया खणणाऱ्या ठेकेदारांसाठी आहे, कारण मातीखालच्या वस्तूची जागा बहुतेक वेळा त्यांच्या हातात असते. विद्यापीठाचा माणूस तिथे नेहमी उशिरा पोचतो.

उत्खननाच्या खड्ड्याशी येऊन उभा राहणारा गावकरी पहिल्यांदा विचारतो, “काय, सोनं सापडलं का?” खड्ड्यातले विद्यार्थी हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. कोणी सरकारी पैशाने महिनोन्‌महिने उन्हात ब्रशने माती झाडत बसलं असेल, तर त्यामागे काही मोलाचं असणार, हा अंदाज शहाण्या माणसाचा आहे. तो चुकतो फक्त मोल कशाचं हे ठरवताना. आणि ते त्याला सांगायची जबाबदारी खड्ड्यातल्या माणसांची असते. ती टाळली गेली की सोन्याची कल्पना मोकाट सुटते. गुप्तधनाच्या नादाने पडक्या देवळांचे गाभारे, गढ्यांचे बुरूज, समाध्यांचे चौथरे रातोरात उकरले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला धनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून हा नाद किती खोल आहे ते कळावं. कायदा माणसाच्या जिवासाठी आहे, आणि ते योग्यच. पण उकरलेल्या गाभाऱ्याचे थर त्याने परत येत नाहीत.

थरांचं ज्ञान गावाला नव्हतं असं मात्र समजू नये. गावगाड्यात काळी पिकवायची आणि पांढरी राहायची. पांढरीला तिचा रंग येतो पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, शेणाने, ढासळलेल्या मातीच्या भिंतींनी. गाव उठून गेलं की मागे पांढरीचं टेकाड राहतं, आणि पुरातत्त्वज्ञ सर्वेक्षणाला निघाला की आधी हेच शोधतो. शेतकऱ्यालाही ते टेकाड ठाऊक होतं, फक्त वेगळ्या कामासाठी. ती माती कसदार, म्हणून बैलगाड्या भरभरून शेतात नेऊन पसरायची. मराठवाड्यात धाब्याच्या घरांच्या छपरावर अंथरायची. दख्खनमधली कितीतरी प्राचीन गावं अशी हळूहळू ज्वारीत उतरली. बैलगाडीच्या काळात एका टेकाडाला संपायला दोन-चार पिढ्या लागत. जेसीबी आणि ट्रॅक्टर आल्यावर ते काम एका उन्हाळ्याचं झालं. बागायतीसाठी रान सपाट करणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. पण सपाटीकरणाला हात घालण्याआधी तलाठ्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना एकदा सांगितलं असतं तर बिघडलं नसतं, एवढं त्याच्यापर्यंत कोणी पोचवलंय का?

तेरचं उदाहरण इथे आठवतं. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर, सातवाहन काळातली मोठी बाजारपेठ. पावसाळ्यात टेकाडं धुपली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने त्या आयुष्यभर गोळा केल्या आणि अखेर शासनाला दिल्या. तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभं आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना इटलीतल्या पाँपेई इथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण येते. दख्खनमधल्या कारागिरांचा माल किती लांब जात असावा, याचा तर्क या दोन मूर्ती शेजारी ठेवून करता येतो. काटेकोर अभ्यासक तक्रार करेल की लामतुऱ्यांच्या संग्रहातल्या बहुतेक वस्तूंना थर नाही. तक्रार खरी आहे. पण त्यांनी उचललं नसतं तर त्या वस्तू ओढ्याला गेल्या असत्या किंवा मुंबईच्या दुकानांत. त्यांच्यासारख्या माणसाच्या हाती कोणी एक वही दिली असती, कोणती वस्तू टेकाडाच्या कोणत्या कुशीतून, कोणत्या पावसानंतर मिळाली हे लिहायला, तर आज तेरचा इतिहास किती वेगळा लिहिता आला असता, याची कल्पना करवत नाही.

ब्रिटनमध्ये ही वही देण्याचं काम सरकारने १९९७ पासून अंगावर घेतलं. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत सामान्य माणसाला शेतात मिळालेली वस्तू स्थानिक अधिकाऱ्याला दाखवता येते, तो जागेसकट तिची नोंद करतो आणि वस्तू बहुतेकदा परत देतो. लाखो नोंदी त्यातून जमल्या आहेत. तिथला कायदा वेगळा आहे, धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या छांदिष्टांना तिथे वाव आहे, आणि ती पद्धत जशीच्या तशी इथे आणावी असं मी म्हणणार नाही. पण आधी नोंद आणि मग मालकीचा प्रश्न, हा क्रम शिकण्यासारखा आहे. आपल्याकडे तो उलटा आहे, म्हणून लोक गप्प राहतात.

आता ज्यांच्याकडे उत्साह भरपूर आहे त्यांच्याविषयी. महाराष्ट्रातल्या गडांवर दर शनिवार-रविवारी तरुणांच्या टोळ्या श्रमदानाला जातात. झाडोरा काढतात, पायऱ्या मोकळ्या करतात, प्लॅस्टिक गोळा करून खाली आणतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्याच्या मागे या निनावी पोरांनी जिवंत ठेवलेली आस्था नक्कीच आहे. तरीही एक गोष्ट बोलावी लागेल. त्यांचं सर्वांत आवडतं काम म्हणजे पाण्याची टाकी उपसणं. कातळात खोदलेलं टाकं गाळाने भरलेलं असतं. वीस-पंचवीस जण साखळी करून दोन दिवसांत ते रिकामं करतात, फोटो निघतात, पहिल्या पावसात टाकं भरतं आणि सगळ्यांचे डोळेही भरतात. त्या गाळात काय होतं? तोफेचे गोळे आणि नाणी असली तर ती वेचली जातात. पण गाळ थराथराने साचलेला असतो. त्यातल्या परागकणांवरून गडाभोवतीचं रान तीनशे वर्षांपूर्वी कसं होतं ते कळू शकतं, फुटक्या खापरांवरून गडकरी कशात जेवत होते ते, वरच्या आणि खालच्या थरांवरून गड कधी ओस पडला ते. साखळीतली घमेली दरीत रिकामी होतात तेव्हा हे सगळं दरीत जातं.

टाकी उपसू नयेत असं माझं म्हणणं नाही; गडावर पाणी हवं. एका कोपऱ्यातला हातभर रुंदीचा गाळ सरळ उभा कापून ठेवावा, त्याचा पट्टी धरून फोटो काढावा, दर वीतभर खोलीचा मूठभर गाळ वेगळ्या पिशवीत, वर खोली लिहून बाजूला ठेवावा, आणि हे सगळं परवानगीने, पुरातत्त्व खात्याच्या माणसाला बोलावून करावं. अर्ध्या दिवसाचं जास्तीचं काम. रायगडावर २०१७ नंतर गडासाठी नेमलेल्या सरकारी प्राधिकरणाच्या कामात वाड्यांच्या जोत्यांचं रीतसर उत्खनन होत आहे. तिथे २०२१ मध्ये एक सोन्याची बांगडी निघाली आणि बातमी तिचीच झाली. त्याच जोत्यांतली कौलं, खिळे आणि भांडी कोणाच्या मोबाइलवर फिरली नाहीत. वीरगळांना ऑइलपेंट फासणं, हेमाडपंती देवळांना आतून फरशा बसवणं, दरवाजांच्या कमानी सिमेंटने लिंपणं याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी पुढे जातो.

कोकणातल्या कातळशिल्पांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं अधिक शिकवणारीही. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतल्या जांभ्याच्या उघड्या सड्यांवर माणसं, मासे, हत्ती, वाघ आणि कसली कसली भौमितिक चित्रं कोरलेली आहेत. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कुठे ती पांडवांची, कुठे देवाची. गोव्यात उसगाळीमळचं कुशावती नदीकाठचं असंच स्थळ १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेला आलं ते स्थानिकांनी दाखवल्यामुळे. रत्नागिरीत सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्यासड्यावर फिरून, गावकऱ्यांना विचारत, एकामागून एक ठिकाणं उजेडात आणली. हे सहकारी पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही, वरून पाहावा लागतो. काही ठिकाणी गेंडा दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

या चित्रांना मातीचा थर नाही. उघड्या कातळावर कोरलेली रेघ किती जुनी, हे सांगायला शेजारी कोळसा नाही, हाड नाही. म्हणून आसपासच्या गुहा आणि दगडी हत्यारं यांच्या आधाराने अदमास बांधावा लागतो, आणि तो हजारो वर्षांनी इकडेतिकडे होतो. वर्तमानपत्रात मथळा मात्र नेहमी सर्वांत मोठ्या आकड्याचा असतो. त्यातच हा सडा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, आणि त्यातून चिरा काढून विकता येतो. २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा तिथली कातळशिल्पं एकदम राजकीय झाली. एका बाजूने ती ढाल म्हणून वापरली, दुसऱ्या बाजूने त्यांना अडथळा म्हटलं. त्या चित्रांवर स्वतंत्रपणे प्रेम करणारी माणसं दोन्हीकडच्या गदारोळात बाजूला पडली. वारशाला बाजू घ्यायला लावणं सोपं असतं, कारण त्याला बोलता येत नाही. माझं मत विचाराल तर प्रकल्प आणि चित्रं यांतलं एक निवडण्याची वेळ येण्याच्या दहा वर्षं आधी सड्यांची संपूर्ण मोजणी व्हायला हवी होती. ती काही हौशी माणसांनी स्वतःच्या खिशातल्या पेट्रोलवर करावी, हीच मुळात लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

अभिमानाबद्दल दोन शब्द. पुरातत्त्वाची समाजाला गरज काय, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं: आपण किती प्राचीन आहोत ते सिद्ध होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी जे पुरावे मांडले त्यांत नाणेघाटातल्या सातवाहनकालीन शिलालेखाचा आधार होता. म्हणजे एका घाटवाटेवरच्या लेण्याची भिंत आपल्या भाषेच्या बाजूने उभी राहिली. त्या रात्री फटाके वाजले. पण इसवी सन १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता आणि त्याच्या बाजूने गाड्या जात होत्या. अभिमान असा लांब अंतरावरून काम करतो. जवळच्या दगडापर्यंत तो क्वचित पोचतो.

शिवाय अभिमानाला उत्तर आधीच ठाऊक असतं, हा त्याचा मोठा दोष. हरयाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दफनभूमीतल्या साठाहून अधिक नमुन्यांतून प्राचीन डीएनए मिळवण्याचा प्रयत्न केला. उष्ण हवामानात तो टिकत नाही. अखेर एकाच स्त्रीचा जनुकसंच वाचता आला आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तो ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईने एवढं तरी सांगितलं, हीच थक्क करणारी गोष्ट. पण तिचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच आर्यांच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तिला साक्षीला उभं केलं, आणि दोन्ही बाजू जिंकल्याचं जाहीर झालं. तमिळनाडूत कीळडीच्या उत्खननाभोवती असंच भाषाभिमानाचं आणि केंद्र-राज्य वादाचं मोहोळ आहे. तिथे निदान २०२३ मध्ये उत्खननाच्या जागेजवळ उत्तम संग्रहालय उभं राहिलं, आणि शाळकरी मुलं ते पाहायला जातात. इनामगावला जाणाऱ्या शाळेच्या सहली कोणी पाहिल्या आहेत का?

हा दोष एकट्या समाजावर ढकलता येणार नाही. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये निघाला, इंग्रजीत. शास्त्रीय अहवाल इंग्रजीत निघणं समजण्यासारखं आहे. पण ज्या गावच्या जमिनीतून तो निघाला त्या गावाला चाळीस पानांची मराठी पुस्तिका मिळायला काय हरकत होती? मराठीची परंपरा इथे मुळीच दरिद्री नाही. सांकळिया मुळात गुजराती. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात आले आणि पुढे म. श्री. माटे यांच्यासोबत त्यांनी ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हे पुस्तक मराठी वाचकांच्या हाती दिलं. गुजरातेतल्या लांघणजच्या उत्खननात त्यांच्याबरोबर इरावती कर्वे होत्या. मातीतल्या हाडांपासून जिवंत माणसांच्या नात्यांपर्यंत त्यांची नजर सहज फिरे, आणि ती मराठीत उतरे. ढवळीकरांचं ‘महाराष्ट्राची कुळकथा’ आजही नव्या वाचकाला बिनदिक्कत द्यावं असं पुस्तक आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीला मराठीत लिहून बढती मिळत नाही. नियतकालिकांच्या गुणांकनात मराठी लेखाची किंमत फारशी धरली जात नाही. मग गावात सोन्याच्याच अफवा पिकल्या तर नवल कसलं?

आणि उलट दिशेने वाहणारं ज्ञान तर कागदावर येतच नाही. भट्टी कशी रचायची, कोणती माती तडकते, हे विद्यार्थ्याला शिकवणारा कुंभार. मेंढरांचा वाडा कुठे बसवायचा हे सांगणारा धनगर. कुदळीच्या आवाजावरून खाली चोपलेली जमीन आहे की भराव, हे ओळखणारा उत्खननातला मजूर. इनामगावच्या गोल झोपड्यांचा अर्थ लावताना दख्खनमधल्या फिरत्या पशुपालकांच्या राहणीचा आधार घ्यावा लागतो. ती राहणी आज आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे, आणि तिच्यासोबत पुरातत्त्वाचा एक शब्दकोशही.

शेवटी कायद्याची गोष्ट, कारण लोकांची खरी भीती तिथे आहे. जमिनीत काही सापडलं आणि कळवलं तर जमीन जाईल, बांधकाम अडेल, पोलीस येतील, ही समजूत सर्वदूर आहे. १८७८ चा गुप्तनिधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा आहे. दहा रुपये ही रक्कम १८७८ ची आहे, ती बदलायचं कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही. ज्या शंभर मीटरच्या बंदीची आणि त्यापुढच्या दोनशे मीटरच्या परवानगीची एवढी धास्ती घेतली जाते ती २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आली, आणि ती केंद्राने संरक्षित म्हणून अधिसूचित केलेल्या स्मारकांनाच लागते. शेतात खापरं निघाली म्हणून ती आपोआप लागत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली एखादं ठिकाण संरक्षित घोषित करायचं तर आधी नोटीस काढावी लागते आणि हरकतीसाठी दोन महिने द्यावे लागतात. उत्खननामुळे मालकाचं किंवा कुळाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती किती जणांना मिळाली हा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारायला हवा, आणि तो विचारता यावा म्हणून तरतूद आधी माहीत हवी.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत, त्यांची पातळीही सारखी नाही. खापरांवरचा लेख थोडा लांबला आहे, पण तो सोडू नका. बांधावर सापडलेला तुकडा जोर्वे संस्कृतीचा की कालपरवाच्या माठाचा, हे ओळखायला तो शिकवतो. गडसंवर्धनाचा भाग गडावर जाण्याआधी वाचावा. परिशिष्टात कलेक्टर कार्यालयाला आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला द्यायच्या पत्राचा मराठी मसुदा आहे. वस्तू न धुता, शक्यतो न हलवता, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून फोटो काढावा, खोली टेपने मोजावी आणि पत्राला जोडावी. गावाचं नाव, गट नंबर, विहीर की पाया की नांगरट, आणि सापडल्याची तारीख यांसाठी मसुद्यात जागा सोडली आहे. पत्राची पोच घ्यायला विसरू नये.